करिअर बदलण्यासाठी एमबीए: राजधानी परिसरातला हिशेब

भारतीय व्यवस्थापन संस्थांमधील, म्हणजेच आयआयएममधील, प्रवेशासाठी नोव्हेंबरच्या अखेरीस घेतल्या जाणाऱ्या ‘कॅट’ या परीक्षेला २०२४ मध्ये सुमारे ३ लाख २९ हजार उमेदवारांनी नावे नोंदविली आणि त्यांपैकी २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांच्या या गर्दीत दरवर्षी आणखी एक वर्ग असतो. तो वयाने पंचविशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला, पण त्या नोकरीत मन न रमणारा असा असतो. त्याला एमबीए हवे असते ते पहिल्या नोकरीसाठी नव्हे, तर दुसऱ्या आयुष्यासाठी.

राष्ट्रीय राजधानी परिसरात हा वर्ग विशेषत्वाने दिसतो. गुरुग्राम आणि नोएडा येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत पुणे, नाशिक, नागपूर येथून आलेले अभियंते मोठ्या संख्येने आहेत. सहा-सात वर्षे संगणकप्रणाली लिहिल्यानंतर किंवा तपासल्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांना विपणन, वित्त किंवा सल्लागार क्षेत्राकडे वळावेसे वाटते. दुसरीकडे जुने राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगर या वस्त्यांत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेली मराठी मुले-मुली आहेत. त्यांतील अनेकांसाठी प्रयत्न संपत आले की पुढचा रस्ता म्हणून एमबीएचाच विचार सुरू होतो. या दोघांची परिस्थिती अगदी भिन्न आहे. परंतु निर्णय घेताना दोघांकडूनही बहुधा एकच चूक होते. ‘कुठे’ या प्रश्नाचा अभ्यास महिनोन्‌महिने चालतो, ‘कशासाठी’ हा प्रश्न मात्र मुलाखतीच्या आदल्या रात्रीपर्यंत तसाच राहतो.

प्रथम नोकरदाराचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या अभियंत्याचे वार्षिक वेतन १४ लाख रुपये आहे. दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम घेतल्यास २८ लाखांचे वेतन बुडते. नामांकित संस्थांचे शुल्क आज वीस लाखांच्या पुढे गेले आहे. ते २५ लाख धरले तर एकूण बोजा ५३ लाखांवर जातो. आता समजा, पदवीनंतर वेतन २४ लाख झाले. वरकरणी ही दहा लाखांची वाढ दिसते. परंतु तो नोकरीतच राहिला असता तरी दोन वर्षांत वेतन १७ लाखांपर्यंत गेले असते. म्हणजे खरा फरक सात लाखांचा, तोही कर भरण्याआधीचा. या गतीने ५३ लाख भरून यायला साडेसात वर्षे लागतात. पंचविशीतल्या उमेदवाराला हा काळ परवडू शकतो. तेहतिसाव्या वर्षी, घरी लहान मूल आणि पुण्यात घेतलेल्या सदनिकेचा हप्ता असताना, परवडेलच असे नाही.

कर्जाची बाजूही पाहायला हवी. २५ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे झाल्यास मासिक हप्ता सुमारे ३३ हजार रुपये पडतो. अभ्यासक्रमाच्या काळात परतफेड थांबते, व्याज थांबत नाही. शैक्षणिक कर्जावरील व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मात्र ती प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक ८६० दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्जाची सोय झाली. तथापि व्याजातील तीन टक्क्यांची सवलत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांना आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरच आहे. त्यामुळे चांगल्या पगाराची नोकरी सोडून येणाऱ्याच्या वाट्याला ती सहसा येत नाही.

या पार्श्वभूमीवर दिल्ली विद्यापीठाच्या व्यवस्थापन अध्ययन विभागाचे, ‘एफएमएस’चे, महत्त्व लक्षात येते. १९५४ मध्ये स्थापन झालेला हा विभाग पहिल्या आयआयएमपेक्षाही जुना आहे. कोलकाता आणि अहमदाबाद येथील आयआयएम १९६१ च्या. ‘एफएमएस’चे शुल्क कित्येक वर्षे संपूर्ण अभ्यासक्रमासाठी वीस हजारांच्या आसपास होते. पुढे ते वाढले, तरी आजही ते अडीच लाखांच्या घरात आहे. नोकरी देणाऱ्या कंपन्या मात्र बऱ्याच अंशी त्याच, ज्या दहापट शुल्क घेणाऱ्या संस्थांत जातात. अर्थातच सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला येथे बोलावणे येण्यासाठी ‘कॅट’मध्ये साधारणतः ९८ पर्सेंटाइलच्या वर असावे लागते. येथे एक बारकावा आहे. शुल्क दहापट कमी असले तरी एकूण बोजा दहापट कमी होत नाही, कारण बुडणारे वेतन तेवढेच राहते. वरील उदाहरणातील अभियंत्याला ‘एफएमएस’मध्येही राहण्या-जेवण्याचा खर्च सोडून तीस लाखांचा भार सोसावा लागेल. जास्त पगार असलेल्याला एमबीए महाग पडते ते शुल्कामुळे कमी आणि स्वतःच्या पगारामुळे अधिक. ही गोष्ट शुल्काच्या तक्त्यात कुठेही लिहिलेली नसते.

वेतन कमी बुडावे म्हणून एक वर्षाच्या अभ्यासक्रमांकडे ओढा वाढला आहे. हैदराबाद येथील इंडियन स्कूल ऑफ बिझनेसने २००१ मध्ये ही वाट रुंद केली. आयआयएम अहमदाबादने २००६ मध्ये अनुभवी लोकांसाठी असा अभ्यासक्रम आणला आणि आयआयएम लखनौने २००८ मध्ये नोएडातील आपल्या संकुलात. राजधानीत काम करणाऱ्याला नोएडा जवळचे वाटते आणि पाच-सात वर्षांचा अनुभव येथे अडचण न ठरता अटच असते. परंतु करिअर बदलू पाहणाऱ्याने एक फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची उन्हाळी उमेदवारी असते. माहिती तंत्रज्ञानातून आलेला विद्यार्थी त्या दोन महिन्यांत एखाद्या बँकेत किंवा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत काम करून दाखवितो आणि तेथूनच त्याला कायम नोकरीचा देकार मिळू शकतो. क्षेत्र बदलण्याची खरी किल्ली या उमेदवारीत असते. एक वर्षाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तिला जागा नसते. तेथे येणाऱ्या कंपन्या उमेदवाराच्या मागील अनुभवाचीच किंमत करतात. तो अभियंता असेल तर त्याला तंत्रज्ञानाशी निगडित व्यवस्थापनाचे पद देऊ करतात. एक वर्षाचे एमबीए जिन्याच्या वरच्या पायरीवर लवकर नेते, जिना बदलून देईलच असे नाही.

शनिवार-रविवारच्या किंवा सायंकाळच्या वर्गांचे गणित आणखी निराळे आहे. नोकरी चालू ठेवून करण्याजोगे पर्याय राजधानी परिसरात मुबलक आहेत. ‘एफएमएस’, आयआयटी दिल्लीचा व्यवस्थापन विभाग, आयआयएम लखनौचे नोएडा संकुल ही त्यांतील परिचित नावे. वेतन बुडत नाही हा त्यांचा मोठा गुण. मात्र अशा अभ्यासक्रमांत संस्था सहसा नोकरीची जबाबदारी घेत नाही, आणि नोकरीत असलेल्या माणसाला उमेदवारीसाठी दोन महिने रजा मिळणेही दुरापास्त असते. आपल्याच कंपनीत एका विभागातून दुसऱ्यात जायचे असेल आणि वरिष्ठांची त्यास संमती असेल, तर हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा. गुरुग्रामहून उत्तर दिल्लीतील विद्यापीठ परिसरापर्यंत रोजची ये-जा करण्याची तयारी मात्र हवी.

पूर्णवेळ अभ्यासक्रमांत ‘एफएमएस’च्या जोडीने १९६३ ची भारतीय विदेश व्यापार संस्था, १९७३ मध्ये स्थापन झालेली गुरुग्रामची एमडीआय आणि १९८० पासूनची गाझियाबादची आयएमटी ही नावे घेतली जातात. आयात-निर्यात, जहाज वाहतूक, कृषिमालाचा व्यापार यांत रस असणाऱ्याला वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार संस्था विशेष उपयोगी. नाशिकच्या द्राक्ष किंवा कांदा व्यापारी घरातील मुलाने याचा विचार अवश्य करावा. पूर्वी तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे. २०२४ च्या प्रवेशांपासून ती ‘कॅट’चे गुण ग्राह्य धरू लागली. एमडीआय आणि आयएमटी पदवी नव्हे, तर पदविका देतात, यावरून पालकांच्या मनात शंका येते. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना असतो. स्वायत्त संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने पदविका देतात, एवढाच त्याचा अर्थ. आयआयएमदेखील २०१७ चा कायदा ३१ जानेवारी २०१८ रोजी अमलात येईपर्यंत पदविकाच देत असत. कंपन्यांच्या दृष्टीने नाव महत्त्वाचे, कागदावरचा शब्द नव्हे.

कागदावरच्या शब्दाला मात्र एका बाबतीत फार महत्त्व आहे आणि त्याचा धडाही राजधानीनेच दिला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएम, या दिल्लीस्थित संस्थेच्या पानभर जाहिराती २००० च्या दशकात देशातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या दैनिकात झळकत असत. आयआयएमच्या पलीकडे विचार करण्याचे आव्हान त्या वाचकांना देत. २००५ मध्ये रश्मी बन्सल यांच्या ‘जॅम’ या नियतकालिकाने या जाहिरातींतील दाव्यांची पडताळणी प्रसिद्ध केली. आयआयएम लखनौचा माजी विद्यार्थी आणि त्या वेळी आयबीएममध्ये नोकरीस असलेला गौरव सबनीस हा मराठी तरुण त्याबद्दल जाहीरपणे लिहिताच त्याला कायदेशीर नोटीस आली. आपल्यामुळे कंपनी अडचणीत येऊ नये म्हणून त्याने राजीनामा दिला. पुढे तो अमेरिकेत व्यवस्थापन विषयाचाच प्राध्यापक झाला. त्यानंतरही जाहिराती चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेर येथील न्यायालयाच्या आदेशावरून या संस्थेवर टीका करणारी ७३ संकेतपृष्ठे रोखण्यात आली. त्यांत ही संस्था विद्यापीठ नसल्याचे सांगणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची सूचनाही होती! अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसंदर्भात एमबीए, बीबीए, मॅनेजमेंट स्कूल, बी-स्कूल असे शब्द वापरण्यास मनाई केली आणि आपल्याला मान्यता नसल्याचे ठळकपणे सांगण्यास बजावले. २०१५ मध्ये संस्थेने देशभरातील केंद्रे आवरती घेतली. ‘जॅम’ची पडताळणी आणि न्यायालयाचा निकाल यांत नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या हातात काय उरले, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.

आज तशा पानभर जाहिराती राहिल्या नाहीत. त्यांची जागा भ्रमणध्वनीवरील विक्रेत्यांनी घेतली आहे. सहा ते अकरा महिन्यांचे, नामवंत संस्थेचे बोधचिन्ह मिरविणारे प्रमाणपत्र ‘एमबीएच्या तोडीचे’ म्हणून विकले जाते. ती संस्था खरी असते, प्रमाणपत्रही खरे असते. फक्त ती पदवी नसते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही निराळी गोष्ट. ती नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ दिल्लीतील मैदान गढी येथून हे काम दीर्घकाळ करीत आले आहे. सार्वजनिक बँका किंवा शासकीय उपक्रमांत, जेथे पदोन्नतीसाठी व्यवस्थापनाच्या पदवीची केवळ अट पूर्ण करायची असते, तेथे ही स्वस्त पदवी पुरेशी ठरू शकते. क्षेत्र बदलण्यासाठी तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण कंपन्या पदवीच्या शोधात नसून निवडून घेतलेल्या वर्गाच्या शोधात असतात.

आता दुसऱ्या गटाकडे. नागरी सेवा परीक्षा २०२४ साठी ९ लाख ९२ हजार ५९९ जणांनी अर्ज केले, ५ लाख ८३ हजार २१३ पूर्वपरीक्षेला बसले, १४ हजार ६२७ मुख्य परीक्षेपर्यंत आणि २ हजार ८४५ मुलाखतीपर्यंत पोहोचले. निवड झाली १ हजार ९ जणांची. महाराष्ट्रातून दिल्लीत येणाऱ्यांत स्वतःच्या खर्चाने येणारे आहेत, तसेच बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या विद्यावेतनावर येणारेही. सर्वसाधारण प्रवर्गाला वयाची ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न ही मर्यादा आहे. अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी चौथा प्रयत्न हुकल्यावर, हातात अभियांत्रिकीची जुनी पदवी आणि नोकरीचा शून्य अनुभव असताना, एमबीए हा सन्मानाने परतण्याचा मार्ग वाटतो. गावी ‘दिल्लीला शिकायला आहे’ असे सांगता येते, हेही त्यामागे असते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

अशा उमेदवाराची बलस्थाने कमी नाहीत. अर्थव्यवस्था, शासनव्यवहार, कायदे यांची जाण आणि सलग दहा तास बसण्याची सवय ही वर्गातल्या तेवीस वर्षांच्या मुलांकडे क्वचितच असते. परंतु ‘कॅट’मधील गणित लोकसेवा आयोगाच्या केवळ ३३ टक्के गुणांवर भागणाऱ्या कलचाचणीपेक्षा बरेच कठीण असते. शिवाय अनेक आयआयएम दहावी-बारावीचे गुण आणि कामाचे महिने मोजतात. अभ्यासात गेलेली चार वर्षे त्या रकान्यात शून्य म्हणून दिसतात. प्रवेश मिळाला तरी नोकरभरतीच्या वेळी कंपनी त्याला नवखाच समजते, आणि नवख्याचे वय एकोणतीस असावे हे तिला रुचत नाही. म्हणून पुष्कळ अंशी योग्य क्रम उलटा आहे. आधी मिळेल ती बरी नोकरी, मग ती धोरणविषयक संशोधनाची असो, स्वयंसेवी संस्थेची असो किंवा शिकवणी वर्गातील अध्यापनाची. वर्ष-दीड वर्षाने एमबीएचा विचार. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांसाठी आणखी एक दार किलकिले झाले आहे. निवड न झालेल्या, पण अंतिम टप्पा गाठलेल्या उमेदवारांची माहिती त्यांच्या संमतीने नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देणारी ‘प्रतिभा सेतू’ ही व्यवस्था आयोगाने उभी केली. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केल्यानंतर ती बऱ्याच जणांना ठाऊक झाली. तेथून थेट नोकरी मिळत असेल तर २५ लाखांच्या कर्जाची गरजच काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

संस्था निवडताना तिचे नोकरभरतीचे आकडे हा सर्वांत मोठा आधार आणि सर्वांत मोठा सापळाही असतो. सरासरी वेतनाचा आकडा दोन-चार परदेशी देकारांनी फुगू शकतो. मध्यक, म्हणजे रांगेतील मधल्या विद्यार्थ्याचे वेतन, अधिक प्रामाणिक असते. ‘वार्षिक पॅकेज’मध्ये कधीही हाती न येणाऱ्या रकमा धरल्या जातात. आयआयएम अहमदाबाद अनेक वर्षांपासून ठरावीक मानकांनुसार तपासून घेतलेला अहवाल प्रसिद्ध करते. सर्वच संस्था तसे करीत नाहीत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत, जी २०१६ पासून जाहीर होते, संस्थांनी भरून दिलेल्या माहितीत उत्तीर्ण झालेले, नोकरी मिळालेले आणि मध्यक वेतन असे तिन्ही आकडे असतात. ग्रेटर नोएडातील चकचकीत इमारतीत प्रवेश घेण्याआधी ते पाहायला अर्धा तास पुरतो. करिअर बदलणाऱ्याने त्याहून एक नेमका प्रश्न विचारावा: आपल्याइतक्या वयाचे, आपल्याच क्षेत्रातून आलेले आणि क्षेत्र बदलू शकलेले विद्यार्थी गेल्या वर्षी किती होते? याचे उत्तर पुस्तिकेत नसते, माजी विद्यार्थ्यांकडे असते.

नामांकित संस्थादेखील बाजाराच्या वर नाहीत. २०२३-२४ मध्ये सल्लागार आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी हात आखडता घेतला तेव्हा अनेक ठिकाणी भरतीचा हंगाम लांबला. त्याच वर्षी खुद्द हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेतून बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के जण तीन महिन्यांनंतरही नोकरीविना होते. परदेशाचा पर्यायही पूर्वीइतका मोकळा राहिलेला नाही. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तर ब्रिटनने शिक्षणोत्तर वास्तव्याची मुदत जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणण्याचे ठरविले.

अनेक मराठी उमेदवारांपुढे आणखी एक पर्याय असतो तो घराकडे परतण्याचा. मुंबईची १९६५ ची जमनालाल बजाज संस्था कमी शुल्क आणि वित्तक्षेत्राशी निकटचे नाते यांसाठी ओळखली जाते आणि तेथील बहुसंख्य जागा महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी असतात. ‘निटी’ची २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, नागपूरची आयआयएम २०१५ पासून आहे. बँका, विमा, भांडवल बाजार यांकडे वळायचे असेल तर मुंबई आणि सल्लागार किंवा स्टार्टअप कंपन्यांत जायचे असेल तर गुरुग्राम जवळचे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. दिल्लीत राहतो म्हणून दिल्लीतच शिकावे, याला मात्र फारसा आधार नाही. दोन वर्षे वसतिगृहातच काढायची असतात.

आरक्षणाच्या बाबतीत मात्र राज्य आणि राजधानी यांतील फरक मोठा आहे व तो पुष्कळांना उशिरा कळतो. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मराठा समाजाला दिलेले १० टक्के आरक्षण राज्यातील संस्थांपुरते आहे. ‘एफएमएस’, विदेश व्यापार संस्था किंवा आयआयएम या केंद्रीय संस्थांत ते लागू होत नाही. तेथे इतर मागासवर्गासाठी केंद्रीय सूचीत नाव आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र लागते. केंद्रीय सूचीत नसलेल्या आणि उत्पन्न-मालमत्तेच्या निकषात बसणाऱ्या उमेदवाराला आर्थिक दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांतून अर्ज करता येतो. ते प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच असावे लागते आणि चालू आर्थिक वर्षापुरतेच चालते. त्यामुळे गुरुग्राममध्ये ‘कॅट’चा सराव करणाऱ्या मुलासाठी दर एप्रिलमध्ये गावी तहसील कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागतात त्या त्याच्या वडिलांना.